गुडघे कटकट वाजतात, काय करू? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट, ठाण्यात प्रॅक्टिस करते. लग्नात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, कुठेही कोणाला कळलं की ही फिजिओ आहे की पुढचं वाक्य ठरलेलं, "अगं माझे गुडघे ना भयंकर वाजतात", आणि मग ती व्यक्ती तिथल्या तिथे खाली बसून उठून दाखवते, बाजूचे चार लोक पण ऐकतात. तीच तीच उत्तरं देऊन तोंड दुखलं म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. फक्त एवढं लक्षात ठेवा की हे वाचलं म्हणजे तुमचा गुडघा तपासून झाला असं नाही, ते हात लावूनच बघावं लागतं.

गुडघे वाजतात पण दुखत अजिबात नाहीत. काळजीचं आहे का?

नाही. दुखत नाही, सुजत नाही, अडकत नाही, सटकत नाही, तर वाजू दे. १९८७ साली एक अभ्यास झाला होता, त्यात गुडघ्यावर सेन्सर लावून कंपनं मोजली, तर काहीच तक्रार नसलेल्या गुडघ्यांपैकीसुद्धा ९९ टक्क्यांत वाटीच्या खाली काही ना काही करकर सापडली. म्हणजे सगळ्यांचेच वाजतात, तुमचे जरा मोठ्याने वाजतात इतकंच.

मग हा आवाज येतो तरी कुठून?

एकाच ठिकाणाहून येत नाही, म्हणून मी पेशंटला आधी विचारते की नक्की कसा वाजतो ते तोंडाने करून दाखवा. हसतात, पण करतात. आपल्याकडे आवाजाला इतके शब्द आहेत की निम्मं काम तिथेच होतं.

"टक्" असा एकदाच, आणि परत लगेच केलं तर येत नाही, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा येतो, तो गॅसचा. सांध्यातल्या पाण्यात गॅस विरघळलेला असतो, सांधा पटकन ताणला की आतला दाब कमी होतो आणि पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. बोटं मोडल्यावर येतो तोच. २०१५ मध्ये कॅनडात बोट ओढताना चालू एमआरआयमध्ये हे सगळं बघितलं गेलं, पोकळी तयार होताना चक्क दिसली. बुडबुडा फुटतो म्हणून आवाज येतो की तयार होतो म्हणून येतो यावर शास्त्रज्ञांचं अजून थोडं भांडण चालू आहे, आपल्याला त्यात पडायची गरज नाही.

"खट्" असा, दर वेळी गुडघा त्याच कोनात आला की येणारा, तो बहुतेक वेळा एखादी शीर (म्हणजे खरं तर स्नायूचा दोर, पण सगळे शीरच म्हणतात) हाडाच्या उंचवट्यावरून सरकते त्याचा. गिटारची तार बोटाने सोडावी तसं.

आणि "करकर", "चुरचुर" असा सलग, जिना चढताना किंवा खाली बसताना, तो गुडघ्याच्या वाटीखालचा. वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेतून वरखाली सरकते आणि दोन्हीकडचे गुळगुळीत थर कायम काचेसारखे राहत नाहीत. अशा गुडघ्यावर तळहात ठेवून वाकवायला सांगितलं की हाताला कोरडा रवा दोन बोटांत चोळावा तसं लागतं. पेशंटचाच हात ठेवला की त्यांचा चेहरा पडतो, म्हणून मी आधी माझ्या गुडघ्यावर ठेवायला लावते, माझाही तसाच वाजतो, गेली कित्येक वर्षं.

"वंगण संपलंय", "गॅप आलाय" असं सांगितलंय. आता?

हे दोन शब्द ज्याने कोणी महाराष्ट्रात पसरवले त्याला माझा लांबून नमस्कार.

वंगणाचं असं आहे की निरोगी गुडघ्यात मुळात पाणी असतंच अगदी थोडं, चमचाभरसुद्धा नाही. गुडघा झिजायला लागला किंवा चिडला की ते बऱ्याचदा उलट वाढतं, म्हणूनच "गुडघ्यात पाणी झालं" म्हणतात ना. पातळ होतं, त्याची प्रत घसरते, पण टाकीतलं ऑइल संपावं तसं संपून जात नाही. त्यामुळे वाजतो म्हणजे सुकला हे गणित चुकीचं.

गॅपचं तर अजून मजेशीर. एक्स-रेमध्ये कूर्चा (म्हणजे हाडांच्या टोकांवरचा तो गुळगुळीत थर) दिसत नाही, फक्त हाड दिसतं, त्यामुळे दोन हाडांच्या मध्ये जी मोकळी जागा दिसते तीच तुमची कूर्चा. म्हणजे गॅप असायलाच हवा! झीज झाली की तो कमी होतो. "गॅप आलाय" म्हणून रडत आलेल्या एका काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या मग मला काय झालंय, आणि खरंच त्यांना फारसं काही झालेलं नव्हतं, पण त्या शब्दापायी सहा महिने त्यांनी जिना सोडला होता, सत्यनारायणाला खाली बसणं सोडलं होतं, मांडीचे स्नायू पार ढिले पडले होते, आणि त्या ढिल्या स्नायूंमुळे गुडघा आता खरंच दुखायला लागला होता.

कॅल्शियम कमी झालं की हाडं वाजतात ना?

नाही हो. कॅल्शियमचा आणि आवाजाचा संबंध नाही. डी व्हिटॅमिन आपल्याकडे बऱ्याच जणांचं कमी निघतं आणि त्याने अंग दुखतं, मांड्यांत ताकद वाटत नाही, ते वेगळं, ते तपासून घ्या. पण साठ हजार युनिटची पुडी शेजारणीला आठवड्याला दिली म्हणून आपणही वर्षभर घेत राहायची असं करू नका, जास्तीचं डी शरीरात साठतं आणि त्याचा त्रास होतो.

मुद्दाम वाजवायची सवय आहे. त्याने संधिवात होतो का?

बोटांच्या बाबतीत तरी याचा पुरावा नाही. कॅलिफोर्नियातल्या डोनाल्ड अंगर नावाच्या डॉक्टरांनी साठहून जास्त वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही, आणि शेवटी दोन्ही हात सारखेच निघाले. त्याबद्दल त्यांना २००९ चं इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला देतात ते बक्षीस) मिळालं. एका माणसावरचा प्रयोग, पण काय चिकाटी! आमची आजी दृष्ट काढताना कानशिलावर दहाही बोटं कडाकड मोडायची, तिची बोटं शेवटपर्यंत सुईत दोरा ओवत होती. गुडघा मात्र मुद्दाम झटका देऊन, पिळून वाजवू नका, आवाजापेक्षा त्या झटक्याने आतलं काही चिडू शकतं.

पण वाजणारे गुडघे पुढे जाऊन झिजतातच ना?

इथे मला थोडं सावध उत्तर द्यावं लागेल. अमेरिकेत साधारण साडेतीन हजार मध्यमवयीन आणि वयस्कर लोकांना चारेक वर्षं बघितलं गेलं, त्यात ज्यांचा गुडघा "नेहमीच" वाजायचा त्यांच्यात पुढे दुखणारी झीज जास्त सापडली. २०१८ मध्ये ते छापून आलं आणि लगेच लोकांनी फॉरवर्ड फिरवले. पण त्यात ज्यांना पुढे त्रास झाला त्यातल्या बऱ्याच जणांच्या एक्स-रेमध्ये झीज आधीपासून दिसत होती, फक्त दुखत नव्हतं. म्हणजे पंचविशीतल्या मुलीचा गुडघा टक् झाला तर त्यावरून काहीच कळत नाही, पण पन्नाशीत, वजन वाढलेलं, आधी कधी गुडघ्याला मार लागलेला, आणि सतत करकर, तर मांड्यांच्या व्यायामाचं आजच मनावर घ्या. घाबरून बसायचं कारण तेव्हाही नाही.

डॉक्टरकडे कधी जायचं ते सरळ सांगा.

सरळ सांगते.

त्याच दिवशी, रात्र असली तरी: गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप किंवा थंडी. सांध्यात इन्फेक्शन असू शकतं आणि त्यात तासांचा हिशोब असतो, तेल लावून सकाळची वाट बघायची नाही. डायबेटिस असेल, किंवा नुकतंच गुडघ्यात इंजेक्शन घेतलं असेल, तर अजिबातच नाही. तसंच पडल्यावर किंवा मार लागल्यावर पायावर भार देऊन चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल, आकार वेडावाकडा दिसत असेल. आणि पोटरी एकाच पायाची सुजून दुखत असेल तर तो गुडघा नसून रक्ताची गुठळी असू शकते, त्यात दम लागत असेल तर सरळ हॉस्पिटल.

दोन-तीन दिवसांत: खेळताना "फट्" आवाज आला आणि काही तासांत गुडघा टम्म फुगला. कबड्डी, फुटबॉल, बॅडमिंटन, पाय जमिनीवर रुतला आणि अंग वळलं, हा आतला मुख्य लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) तुटल्याचा ठरलेला प्रसंग. गंमत म्हणजे (गंमत नाही खरं तर) आठवड्याभरात सूज उतरते, माणूस चालायला लागतो, म्हणतो बरा झाला, आणि मग रिक्षातून उतरताना गुडघा सटकतो. असे सहा-सहा महिन्यांनी येणारे खूप बघितलेत. तसंच गुडघा मध्येच अडकून पूर्ण सरळ होतच नसेल तरी थांबू नका.

सवडीने पण नक्की: आवाजाच्या सोबत त्याच क्षणी दुखतं, सूज येते-जाते, जिन्यावर गुडघा सोडून देईल असं वाटतं, रात्री झोपेतून उठवतो, किंवा दोन-तीन आठवडे काळजी घेऊनही कमी नाही. सकाळी अर्धा तासाहून जास्त वेळ गुडघे जखडलेले राहतात आणि बोटांचे सांधेही सुजतात, तर आमवात आहे का ते बघावं लागतं, त्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताचा डॉक्टर) लागतो. चिकनगुनिया होऊन गेला असेल तर ते आवर्जून सांगा, त्याचं सांधेदुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं.

सूज आहे की मी जाड आहे, कसं ओळखू?

हा प्रश्न लोक लाजत विचारतात पण एकदम बरोबर प्रश्न आहे. पाय लांब करून बसा, मांडी ढिली सोडा, दोन्ही गुडघे शेजारी शेजारी बघा. वाटीच्या दोन्ही बाजूंना छोटे खळगे असतात, सुजलेल्या गुडघ्यात ते भरलेले दिसतात. दोन्ही गुडघे सारखेच गुबगुबीत असतील तर बहुतेक ती तुमची चरबी, एकच भरलेला असेल तर सूज.

"अडकतो" म्हणजे नक्की काय? माझाही अडकल्यासारखा वाटतो.

"अडकल्यासारखा वाटतो" आणि "अडकतो" यात फरक आहे. बराच वेळ सिनेमा बघून उठलात, पहिली चार पावलं गुडघा आखडलेला, मग मोकळा झाला, हा आखडणं. खरं अडकणं म्हणजे गुडघा वाकलेल्या अवस्थेत राहतो, सरळ होतच नाही, हाताने हलवून, पाय झटकून मग "खट्" करून सुटतो, म्हणजे दाराच्या फटीत काहीतरी आल्यासारखं. त्यात फाटलेली गादी (मेनिस्कस) किंवा सुटलेला एखादा तुकडा मध्ये येत असतो. हे दाखवाच.

चढताना ठीक, उतरताना मेला जीव जातो. असं का?

उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, सगळा दाब वाटीवर. सपाट चालताना वाटीवर वजनाच्या निम्म्याइतका दाब येतो, जिन्यावर तोच तिप्पट-चौपट, आणि पूर्ण खाली बसताना सात-आठपट धरतात. म्हणून सिंहगड चढताना लोक गप्पा मारतात आणि उतरताना गुडघे थरथरतात. उतरताना पावलं छोटी टाका, धावत उतरू नका, काठी घ्या, दोन असतील तर उत्तम, आणि महिनाभर आधी मांड्या तयार करा, पावसाळ्याच्या पहिल्या रविवारी एकदम राजगड नको.

वजनाचंही इथेच सांगून टाकते कारण लोकांना राग येतो. एक किलो वजन कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो, हे मोजलेलं आहे. पाच किलो उतरले तर हिशोब तुम्हीच करा. हे मी सगळ्यांना सांगते आणि माझे स्वतःचे तीन अजून तिथेच आहेत.

मांडी घालून बसू नको म्हणतात. खरंच बंद करू?

वाजतो म्हणून बंद करू नका. दुखतं म्हणून काही आठवडे कमी करा, पाटावर किंवा छोट्या चौरंगावर बसा, उकिडवं बसून लादी पुसणं, धुणं धुणं टाळा, लांब दांड्याचा मॉप घ्या, जमत असेल तर कमोड वापरा. दुखणं बसलं की हळूहळू परत सुरू करा. आयुष्यभरासाठी खाली बसणं बंद केलं की कंबर, घोटे, सगळंच आखडतं आणि एक दिवस जमिनीवर पडलेला चमचा उचलणं हाच कार्यक्रम होऊन बसतो.

व्यायाम कोणता? एकच सांगा.

एकच सांगायचा तर खुर्चीतून उठ-बस. डायनिंग टेबलची खुर्ची, हात छातीशी, दोन पायांत खांद्यांइतकं अंतर, पुढे झुकून हाताचा आधार न घेता उठायचं, आणि बसताना धप्पकन नाही, तीन मोजत सावकाश. दहा वेळा, थोडं थांबून परत दहा. सावकाश बसणं हेच औषध आहे, लोक नेमकं तिथेच घाई करतात. खुर्ची फार खाली वाटली तर उशी ठेवा. गुडघे आत एकमेकांकडे पडतायत का ते आरशात बघा, पडत असतील तर कुल्ल्यांचे स्नायू कमजोर आहेत, मग कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा व्यायाम पण घाला.

फार दुखत असेल तर आधी पाठीवर झोपून, एक पाय दुमडून, दुसरा सरळ ठेवून फूटभर उचलायचा, पाच मोजायचे, खाली. आठवड्यातून तीन-चार दिवस तरी, आणि सहा ते बारा आठवडे धरा, चार दिवसांत "काही फरक नाही" असा मेसेज करू नका.

करताना आवाज येईलच. येऊ दे. दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाली आलं तर चालू ठेवा, वाढलेलं राहिलं तर आकडा कमी करा. आणि हो, ताकद वाढली, दुखणं गेलं तरी आवाज तसाच राहू शकतो. अनेकांचा राहतो.

सूर्यनमस्कार, बैठका, चालणं, वारी?

सगळं चालेल, फक्त एकदम नाही. रोज चालत नसाल तर आषाढीच्या आधी दोन-तीन महिने चालायला लागा, आळंदी ते पंढरपूर हे जवळपास तीन आठवडे रोज चालणं आहे, भक्ती पायाला जोर देते पण स्नायू नाही देत.

तेल, डिंकाचे लाडू, नी-कॅप, गोळ्या?

तेलाने चोळलं की बरं वाटतं, गरम शेकाने स्नायू सैल पडतात, निर्गुडीचं लावा नाहीतर तिळाचं, कूर्चेपर्यंत तेल पोचत नाही पण आई पाय चोळून देते त्याला मी कशाला नाही म्हणू. फक्त लाल-गरम सुजलेल्या गुडघ्यावर रगडू नका. डिंकाचे लाडू छान लागतात, दोनच खा, वजनाचं वर वाचलंत.

नी-कॅप प्रवासात, गर्दीत, जिन्यावर धीर येण्यापुरती. दिवसभर, झोपतानाही घालणारे आहेत, नका घालू.

ग्लुकोसामाइनच्या गोळ्या महाग आहेत आणि औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा फार फायदा मोठ्या चाचण्यांमध्ये दिसला नाही, अमेरिकेतल्या ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत तर गुडघ्याच्या झिजेसाठी त्या घेऊ नका असंच म्हटलंय. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय नकोच.

एमआरआय काढून घेऊ का, एकदाचा निकाल लागेल?

नुसत्या आवाजासाठी नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यातही एमआरआयमध्ये गादीला चिरा दिसतात, रिपोर्टमध्ये "टेअर" शब्द वाचला की झोप उडते. एक्स-रे लागलाच तर उभं राहून काढलेला हवा, झोपून काढला तर मघाशी सांगितलेला गॅप खोटा मोठा दिसतो. दुर्बिणीतून "साफ करून घेऊ" असं कोणी झिजलेल्या गुडघ्यासाठी सुचवलं तर दुसरं मत घ्या, २००२ मध्येच एका अभ्यासात नुसता चीर देऊन शिवलेले आणि खरंच साफ केलेले पेशंट सारखेच निघाले होते.

मुलाचे गुडघे वाजतात, आठवीत आहे.

खेळतोय, धावतोय, दुखत नाही, तर सोडून द्या. पण मूल लंगडत असेल तर "गुडघा दुखतो" म्हणालं तरी खुबा तपासून घ्या, मुलांमध्ये खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि हे नेहमी निसटतं.

गुडघा बदललाय, तरी टकटक येते!

धातू आणि प्लास्टिक एकमेकांवर टेकतं त्याचा आवाज आहे, बऱ्याच जणांना येतो. दुखणं, सूज, अस्थिर वाटणं यातलं काही नवीन असेल तर तुमच्या सर्जनना फोन करा.

येताना आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणू का?

लोक आणतात, त्यात पंख्याचा आवाज जास्त असतो. त्यापेक्षा ज्या दिवशी सूज असेल त्या दिवशी दोन्ही गुडघे एकाच फ्रेममध्ये येतील असा फोटो काढा, कारण माझ्याकडे येईपर्यंत ती उतरलेली असते. कधी दुखतं, चढताना की उतरताना, आधी कधी पडलात का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, एवढं कागदावर लिहून आणा. आणि कृपया घट्ट जीन्स घालून येऊ नका, ती मांडीपर्यंत वर जात नाही, मग दहा मिनिटं त्यातच जातात.